तीन ठोके

सुनेचं कौतुक करायची मला सवय नाही. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा शेजारच्या शिंपिणीला मी म्हटलं होतं, "काडी आहे गं, नुसती काडी. हिच्यानं घण उचलायचा कुठला?" आता त्याच तोंडानं हे सांगायला बसलेय. माझ्या जिभेला हाड नाही हे गावाला ठाऊक आहे, तेव्हा मधेच वाकडं बोलले तर सोडून द्या.

आमचं घर लोहाराचं. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात भट्टी, भाता, ऐरण आणि पाण्याचं दगडी कुंड. मागे दोन खोल्या. शेड आणि पहिली खोली यांच्यामध्ये एकच विटांची भिंत, त्यामुळे घरातलं बोलणं शेडमध्ये आणि शेडमधला आवाज घरात. माझा मुलगा याच भिंतीशी पाळण्यात वाढला. ठणठणाट चालू असला की गाढ झोपायचा आणि थांबला की रडायला लागायचा.

लोहारकामाला दोन माणसं लागतात. एकजण तापलेलं लोखंड सांडशीनं ऐरणीवर धरतो, त्याच्या दुसऱ्या हातात छोटी हातोडी. समोर दुसरा घण घेऊन उभा. दोघं बोलत नाहीत, बोललं तरी त्या आवाजात ऐकू येतं कुणाला? हातोडी लोखंडावर जिथे वाजेल तिथे घण पडायचा. रिकाम्या ऐरणीवर दोनदा वाजली की थांबायचं. आणि भराभर तीनदा वाजली की घण टाकून मागे सरायचं, कारण लोखंड सांडशीतून निसटलेलं असतं आणि ते कुणाच्या पायावर पडेल ते सांगत नाही. आमचे हे हातोडी धरायचे आणि मी घण मारायची. बत्तीस वर्षं मारला. हे गेले, मग मुलगा हातोडीला आला आणि सून घणाला. मी काडी म्हटलं होतं ना, त्या काडीनं पहिल्याच वर्षी माझं तोंड बंद केलं.

पेरणी दोन महिन्यांवर आली की आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. फाळांची टोकं काढायची, कुदळी ठोकायच्या, तापलेल्या खुरप्यांना कुंडात बुडवून पाणी द्यायचं. त्या वर्षी अंगणात फाळांचा ढीग लागला होता आणि आमची भट्टी गार. मुलगा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

झालं तरी काय, असं जो तो विचारायचा. काही झालं नव्हतं. ताप नाही, भांडण नाही, घरात कुणी गेलं नाही. आधी त्याचं बोलणं कमी झालं, मग जेवण. मग झोप उडाली. अंघोळीला जा म्हटलं की टॉवेल घेऊन खाटेच्या कडेला बसायचा आणि तासाभरानं बघावं तर तसाच बसलेला. एक दिवस भट्टीत फाळ घातला आणि बघत राहिला. फाळ लाल झाला, पिवळा झाला, पांढरा होऊन त्यातून ठिणग्या उडायला लागल्या, लोखंड जळालं, तरी हा बघतोय. सुनेनं सांडशी त्याच्या हातातून काढून घेतली. तो आत गेला, पडला, आणि त्यानंतर अकरा दिवस आमच्या ऐरणीवर हातोडी वाजली नाही.

अशा वेळी मी काय केलं? मी बोलले. मला दुसरं येतंय काय?

"अरे, चाळिशीचा घोडा तू. अंगात ताप नाही, तिडीक नाही, आणि दिवसभर लोळतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला.

मला वाटलं होतं चिडेल, उलटून बोलेल, निदान उठून बाहेर तरी जाईल. तो नुसतं "वाटते" म्हणाला आणि त्यानं चादर तोंडावर घेतली. मी ताट आपटून बाहेर आले. आज ते ताट आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण तेव्हा नाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

सून मात्र आरडाओरडा न करता त्याच्या मागे लागली. तीन दिवस रोज सकाळी त्याचे कपडे खाटेवर काढून ठेवायची आणि म्हणायची, "आज दवाखान्यात जाऊ या का?" तो मान हलवायचा. चौथ्या दिवशी त्यानं शर्ट घातला. बटणं तिनं लावली. बसमधून मोठ्या गावच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि दुपार कलल्यावर गोळ्यांची पाकिटं घेऊन परत आली.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आजार आहे म्हणाल्या. नैराश्य म्हणतात. आळस नाही आणि नाटक नाही." हे बोलताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तरी मला लागायचं ते लागलं. "गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे जातील. मधेच बंद करायच्या नाहीत. आणि रोज विचारायचं, कसं वाटतंय म्हणून."

"आणि तोवर?"

"तोवर आपण आहोत ना." तिनं पदर खोचला. "आई, घण उचलाल?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. सहासष्ट वर्षांची बाई मी, उजवा खांदा पावसाळ्यात रडवतो. आणि घण मी मारायचा म्हणजे हातोडी कुणाच्या हातात? तिच्या. म्हणजे सुनेनं खूण द्यायची आणि सासूनं त्या खुणेवर नाचायचं.

"जग बुडालं तरी नाही," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचा दांडा भिजत घालायला मीच आधी उठले होते. सुकलेल्या दांड्याचा घण उडतो, हे तिला सांगायला कुणीतरी हवं ना.

भट्टी पेटली तसे लोक जमले. सगळ्यांच्या पुढे दूधवाला. हा माणूस दूध घालून झालं की गावभर चौकशा करत फिरतो, उंटावरचा शहाणा. त्याचे चार फाळ आमच्याकडे पडून होते.

"आजीबाई घणाला? वा!" तो म्हणाला. "आणि हातोडी या पोरीकडे? अहो, बाईनं घण मारलेला चालतो, पण लोखंडाची पारख बाईला कुठून येणार? मी आपला रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे जातो."

"जा की," मी म्हटलं. "तुझ्या म्हशीचं दूधसुद्धा त्याच्याकडून वेल्डिंग करून आण. पातळच असतं."

लोक हसले. तो गेला नाही, ऐरणीपासून चार हातांवर पोत्यावर बसला. सुनेनं फाळ भट्टीतून काढला, ऐरणीवर धरला, हातोडी टोकाशी वाजली आणि मी घण उचलला. अगं बाई! नऊ वर्षांनी उचलला होता. पहिला घाव बसला आणि खांद्यातून करकरलं. दुसरा, तिसरा. दहाव्या घावाला मला वाटलं मी पुन्हा तिशीची झाले. लोक बघत होते, दूधवाल्याचं तोंड बंद होतं आणि माझ्या अंगात आलं. लोखंडाची लाली उतरली, सुनेनं ऐरणीवर दोन ठोके दिले. थांब. मी ऐकलं, पण थांबले नाही. सुनेच्या खुणेवर सासूनं थांबायचं, तेही चार लोकांदेखत? आणखी दोन घाव घातले. थंड लोखंडावर घाव पडला की जे होतं तेच झालं, फाळाच्या टोकाला आडवी चीर गेली.

कुणी बोलायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला.

"आई, दोन ठोके वाजले ना. थांबायचं होतं."

त्याचा आवाज! आठ दिवसांत "हो" आणि "नको" यापलीकडे एक शब्द नव्हता. सुनेच्या हातातली सांडशी तशीच राहिली. मी घण खाली ठेवला. चीर गेलेल्या फाळाचं मला काही वाटेना आणि दूधवाला काय बोलला ते मला आजही आठवत नाही.

सून आत गेली नाही. तिथेच उभी राहून भिंतीकडे बघत विचार करत होती. मग माळ्यावर चढली आणि सासऱ्याची जुनी हातोडी काढून आणली. तिच्या दांड्याला तडा गेला होता म्हणून तारेनं आवळलेली होती. ती तिनं त्याच्या खाटेखाली, हाताला येईल अशी ठेवली.

"मी रोज विचारते कसं वाटतंय, आणि तुम्हाला सांगता येत नाही," ती त्याला म्हणाली. मी दारातून ऐकत होते. "बोलूच नका. खाटेचा पाय लोखंडी आहे. सकाळी मी भट्टी पेटवली की हातोडी वाजवायची. एक वाजवलीत तर आज थोडं उठता येतंय. दोन म्हणजे आज नाही, आज थांब. मग मी उठा म्हणणार नाही, आईही म्हणणार नाहीत."

"आणि तीन?" त्यानं विचारलं.

"तीन म्हणजे तीनच. शेडमध्ये जे असतं ते. हातातलं टाकून येईन."

मी शिंपिणीला जाऊन सांगितलं, आमच्याकडे आता नवरा-बायको हातोडीनं बोलतात, डोकं फिरलंय दोघांचं. शिंपीण हसली, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली तेव्हा भात्याची दोरी हातात धरून माझेच कान भिंतीकडे होते.

ठण. ठण. दोन.

सुनेनं मान हलवली आणि कामाला लागली. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी दोन. पंधरा दिवस रोज दोन. माझा जीव टांगणीला. "अगं, त्या गोळ्यांनी काही होत नाहीये, त्याचं तोंड मात्र सुकतंय. बंद कर त्या," मी म्हणायची.

"आई, लोखंड भट्टीत घातलं की लगेच लाल होतं का?"

"मग किती वेळ भाता ओढायचा?"

"तापेपर्यंत," ती म्हणायची आणि गोळी काढून पाण्याचा पेला भरायची. रोज तेवढ्याच वाजता. कधी चुकली नाही. दिवसभर हातोडी आणि सांडशी, तिच्या मनगटावर ठिणग्यांचे ठिपके उठले होते. संध्याकाळी दमून आली तरी त्याच्याजवळ बसून दिवसभराचं सांगायची. दूधवाल्यानं आज काय अक्कल पाजळली, सासूनं कुणाला काय सुनावलं. तो उत्तर द्यायचा नाही आणि ती मागायचीही नाही. एकदा परसात जाऊन मात्र रडली. मी मुद्दाम भांडी वाजवत बसले, तिचा आवाज त्याच्यापर्यंत जायला नको म्हणून. माझ्याकडून तेव्हा एवढंच झालं.

सोळाव्या दिवशी मधल्या प्रहरी दूधवाल्याचा तिसरा फाळ ऐरणीवर होता. भर तापलेला, चेरीसारखा लाल. सून हातोडी वाजवत होती, मी घण टाकत होते, आणि मधेच भिंतीपलीकडे ठणठणठण.

तिनं सांडशी जिथल्या तिथे सोडली. फाळ ऐरणीवरून घसरून मातीत पडला, ती वळून धावलीसुद्धा.

"अहो! माझा फाळ!" दूधवाला ओरडला. "थंड होईल ना तो!"

"लोखंड परत तापवता येतं," ती जाता जाता म्हणाली.

मी मागोमाग गेले, पण उंबऱ्याशीच थांबले. ती खाली जमिनीवर बसली होती आणि तिनं त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं होतं. त्याच्या कपाळाला घाम होता आणि तो छताकडे बघत होता.

"मरावंसं वाटतंय का?" तिनं विचारलं.

 असलं कुणी तोंडानं बोलतं का? भरल्या घरात? मी पुढे होऊन तिचं तोंडच दाबणार होते.

"हो," तो म्हणाला. आणि मग त्याला रडू आलं. "मला करायचं नाहीये तसं. पण डोक्यातून जात नाही. तुम्ही दोघी मारताय ना घण. माझ्यावाचून सगळं होतंय. चांगलं होतंय."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "होतंय कसलं, चार फाळांत एक फुटतोय. आणि सगळं नीट झालं असतं तरी मी घण मारायला लग्न केलेलं नाही. तुम्ही हवे आहात. काम नाही केलंत तरी हवे आहात." तिनं पाऊल सोडलं नव्हतं. "चला, आत्ताच जाऊ दवाखान्यात."

आणि गेले. त्याच्या हाताला धरून ती बाहेर आली तेव्हा दूधवाला अजून पोत्यावर होता. त्यानं एकदा माझ्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचा सगळा शहाणपणा गळाला. गुपचूप उठला, दुधाच्या गाडीवर दोघांना बसवलं आणि बसच्या थांब्यापर्यंत सोडून आला. माणूस वाईट नाही तो, तोंडाळ आहे. तसं बघितलं तर मी कोण मोठी गुणाची?

डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि आणखी एक गोष्ट सुनेला सांगितली. लोहाराचं घर म्हणजे घरभर धार. परत आल्याबरोबर तिनं विळे, कोयते, कुऱ्हाडी, धार लावलेली झाडून सगळी हत्यारं पोत्यात भरली आणि शिंपिणीच्या कोठीत नेऊन कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. सकाळी कामापुरतं एक एक आणायचं, झालं की परत. शिंपिणीनं मला विचारलं, "काय गं, अजून हसतेस का?" मी तिला काही बोलले नाही. मला कुणी असं गप्प केलेलं तुम्ही ऐकलंय का कधी?

पुढच्या आठवड्यात गोळ्या आणायला सून एकटी गेली. जाताना मला बजावून गेली, "दुपारच्या बसनं येते. आई, ते एकटे नकोत. तीन ठोके वाजले तर जायचं. काही बोलायची गरज नाही, बसायचं नुसतं. नाहीच निभलं तर शिंपिणीला हाक मारा, ती दवाखान्याला फोन लावेल, नंबर तिच्या भिंतीवर लिहिलाय."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं.

ती जाऊन तास झाला नसेल. मी शेडमध्ये कोळसा चाळत होते. ठणठणठण.

हातातली चाळण पडली. सांगते, बत्तीस वर्षांत लाल लोखंड पायाशी पडलं तेव्हा मी अशी घाबरले नव्हते. आत गेले. तो उठून बसला होता, हातोडी मांडीवर, हात थरथरत. मी जवळ बसले. काय बोलू? मला येतं ते सगळं बोलणं मी आधीच बोलून बसले होते आणि त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं. मी त्याचा हात हातात घेतला तर त्याची नखं दिसली. वाढलेली, स्वच्छ, पांढरी. लोहाराची नखं कधी वाढत नाहीत हो, कामातच झिजतात. मला ती बघवेनात. सुनेच्या डब्यातलं नेलकटर आणलं आणि एक एक बोट धरून नखं काढायला लागले, तो पाच वर्षांचा असताना काढायची तशी.

डाव्या हाताची पाच झाली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुझे बाबाही असेच बसायचे रे. त्या कुंडाच्या कडेला. वर्षा-दोन वर्षांनी एकदा, महिना महिना. मी सगळ्यांना सांगायची, रुसलेत म्हणून. त्यांच्या पुढ्यात ताट आपटायची. बत्तीस वर्षं त्यांच्यासमोर उभी राहून घण मारला, हातोडीची एक खूण चुकू दिली नाही. पण त्यांना कधी विचारलं नाही, काय होतंय तुम्हाला."

त्यानं उजवा हात पुढे केला. मग म्हणाला, "मला आठवतंय. मला वाटायचं, बाबा माझ्यावर रागावलेत."

"नाही रे बाळा."

"माझं काय चुकलं ते शोधत बसायचो मी."

मी त्याची नखं काढायची सोडून रडत बसले, म्हणजे बघा, ज्याला धीर द्यायला गेले तोच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला. पण हात फिरवता फिरवता त्याचा थरथराट कमी झाला, हे मला जाणवलं. दुपारच्या बसनं सून आली तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलेलो. तिनं त्याच्या हातांकडे बघितलं, नखांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चहा टाकते," म्हणाली.

त्यानंतर चार दिवसांनी एक ठोका वाजला.

एकच. भात्याची दोरी माझ्या हातातून सुटली. सुनेनं ओठांवर बोट ठेवलं, काही बोलू नका. तो बाहेर आला, भिंतीला हात लावत, उजेडात डोळे मिचकावत. भात्याशी बसला आणि दहा-बारा वेळा दोरी ओढली. मग उठून परत आत गेला. बस, एवढंच. पण मी सांगते, या शेडमध्ये मी मोठमोठी अंगाची माणसं बघितली आहेत, एका घावात सळई तोडणारी. त्या सकाळी खाटेपासून भात्यापर्यंत सात पावलं चालायला माझ्या मुलाला जे लागलं, ते त्यांच्यातल्या एकाजवळही नसेल. हे मला तेव्हा कळलं. कळायला सहासष्ट वर्षं लागली, माझं डोकं ऐरणीचं आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. मी म्हणणार होते, काल तर चांगला होतास की! जीभ चावली. रक्त आलं नाही एवढंच. मग एक, मग दोन, दोन, मग एक. अंघोळ स्वतःहून. एकदा जेवताना मीठ मागितलं, तर सून उठायच्या आधी मीच बरणी घेऊन धावले. भाता दहा वेळांवरून अर्ध्या तासावर आला. आणि पेरणीला आठ दिवस उरले असताना, अंगणात लोक बसलेले असताना, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, घण दे. तुझा खांदा उतरलाय."

"अरे, मग हातोडी तू घे," मी म्हटलं. "तुझी जागा ती."

"हातोडी तिच्याकडेच राहू दे. मला अजून लोखंडाकडे जास्त वेळ बघवत नाही. तिनं दाखवलं तिथे मारेन."

लोक बघत होते. नवऱ्यानं बायकोच्या खुणेवर घण मारायचा, हे आमच्या गावानं कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी मागे फिसकन हसलं. मी वळले, पण माझ्या आधी दूधवालाच त्याच्यावर खेकसला, "हसतोस काय? तुझा नांगर चालवायचाय ना?"

सुनेनं फाळ धरला. हातोडी वाजली. माझ्या मुलानं घण उचलला, त्याचे दंड वाळले होते, पहिला घाव तिरका पडला. तिनं पुन्हा तिथेच वाजवली. दुसरा सरळ बसला. मी पोत्यावर बसले, खांदा दाबत, आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसतं बसून दुसऱ्यांचा ठणठणाट मन लावून ऐकला. काय सांगू तुम्हाला, कानाला इतकं बरं वाटलं! दहा घाव झाले, लाली उतरली, दोन ठोके वाजले आणि तो जागच्या जागी थांबला. माझ्यापेक्षा शहाणा निघाला. पेरणीआधी सगळे फाळ गेले. चीर गेलेला दूधवाल्याचा फाळसुद्धा कापून, नवं टोक काढून दिला.

याला आता दोन वर्षं होतील. गोळी अजून आहे, डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा थांबेल. हातोडी कधी त्याच्याकडे असते, कधी तिच्याकडे. दोन ठोक्यांच्या सकाळी अजून येतात. आल्या की मी न बोलता घणाचा दांडा भिजत घालते. बरा झाला, आता कायमचा बरा झाला, असं तो स्वतः म्हणत नाही, मग मी कशाला म्हणू?

आणि आता शेवटचं सांगते, ते शिंपिणीलाही सांगितलेलं नाही. गेल्या थंडीत एक दिवस मला उठावंसंच वाटेना. ताप नव्हता, खांदाही ठीक होता. पण छताकडे बघत पडले होते आणि वाटत होतं, उठून करायचंय काय? कुणासाठी? सगळं होतंय की माझ्यावाचून. शेडमध्ये दोघांचं काम जोरात चाललं होतं. मी पितळेचा तांब्या घेतला आणि खाटेच्या पायावर तीनदा वाजवला. वाजवला आणि माझी मलाच लाज वाटली. म्हातारचळ, दुसरं काय. त्या आवाजात ऐकू तरी कुणाला जाणार?

शेडमधला ठणठणाट मधेच तुटला. काहीतरी जड धाडकन मातीत पडलं. दूधवाला ओरडला, "अरे, माझी कुऱ्हाड!"

मुलगा दारात होता. कोळशानं काळे हात, धापा टाकत.

"काही नाही रे," मी म्हटलं. "चुकून वाजला. जा, लोखंड थंड होईल तुझं."

"होऊ दे. परत तापवता येतं."

तो खाली जमिनीवर बसला आणि त्यानं त्या काळ्या हातांनी माझं पाऊल धरलं.

"काय होतंय आई?"

आयुष्यात मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. आईनं नाही, यांनी नाही, आणि विचारलं असतं तरी मी काहीतरी वाकडं बोलून हाकलून दिलं असतं. आत्ताही जिभेवर आलं होतं. पण त्यानं पाऊल सोडलं नाही आणि घाईही केली नाही. बाहेर सून दूधवाल्याला म्हणत होती, बसा जरा, वेळ लागेल.

मग मी सांगायला लागले.